दिगूचं नेट

"वस्ताद, ऐकू येतं का? तुझं नेट काहून असं करते रे आज? अर्धे शब्द खाऊन टाकते ते."

पोरीचा आवाज. भर दुपारी, माझ्या पोराच्या खोलीतनं. माझ्या हातात ताट, ताटात भाकरी आणि भरलं वांगं, आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर गपकन थांबले. खाली सहाच्या सहा माग चालू होते, पायाखालची फरशी थरथरत होती, तरी तो आवाज मला नीट ऐकू आला. इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला पाहिजे तेवढं बरोबर निवडून ऐकता येतं.

"न-नेटचं विचारूच नकोस," दिगू म्हणाला. "खाली म-माग सुरू झाले की ते गचके खातंय. तू प-पुढं हो, मी टाकीच्या मागं आहे. ओजस, तू ज-जिन्यातच थांब. हलू नकोस. मी स-सांगेन तेव्हाच बाहेर ये."

मी तशीच उभी राहिले. एवढं तो एका दमात बोलला होता. आमच्या घरात दिवसभरात त्याच्या तोंडून निघायचं ते सगळं गोळा केलं असतं तरी एवढं भरलं नसतं.

दिगू म्हणजे दिग्विजय. माझा एकुलता एक, तेव्हा सव्वीस वर्षांचा. नाव मीच ठेवलं होतं, सासूचं न ऐकता. पोर बोलायला लागलं तेव्हा कळलं की त्याची जीभ अडकते, आणि सगळ्यात जास्त अडकते ती 'द'वर. कुणी नाव विचारलं की घाम फुटायचा त्याला. दहावी झाली आणि शाळा सुटली. हे वारले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासनं कारखाना मी चालवला आणि त्याचं बोलणंही मीच चालवलं. तो "आई, म-म-" म्हणाला की मी म्हणायची, "मोटर बंद करायची? कर जा." तो मान हलवून जायचा. मला वाटायचं, बघा, आईला कसं न सांगता कळतं.

त्या दुपारच्या वर्षभर आधी कुरुंदवाडची पोरगी बघायला गेलो होतो, तिथं तिच्या आत्यानं त्याला नाव विचारलं. त्याची मान ताठ झाली, ओठ थरथरायला लागले, म्हणून मीच सांगितलं. शिक्षण विचारलं, मीच सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "मुलगा बोलतो की नाही?" मी म्हटलं, "आमच्यात बाप्ये काम करतात, चकाट्या तुमच्याकडचे पिटत असतील." परत येताना गाडीत दिगू खिडकीतनं बाहेर बघत होता. मी मात्र त्या आत्याला कसं गप्प केलं ते गल्लीत आठवडाभर सांगत होते.

तर त्या दुपारी. त्याच्या कानात फोड झाला होता म्हणून कानाला लावायचं यंत्र गळ्यात अडकवलं होतं आणि तिकडचा आवाज मोकळा येत होता. एरवी मला काही कळलंच नसतं.

आता एका पोराचा आवाज आला. पुण्याकडचा, साजूक. "वस्ताद, वाईट वाटून घेऊ नकोस, पण रविवारी फायनल आहे. निम्मं बोलणं पोहोचत नाही तुझं. नेट असंच राहिलं तर कॅप्टन दुसरा करावा लागेल."

"ओजस, तू थांब," ती पोरगी म्हणाली. "त्याच्या नेटचं मी—"

ती पुढं काय म्हणाली ते मला माहीत नाही. मी पायानं दार ढकलून आत गेले होते. दिगूनं झटक्यात आवाज बंद केला.

"कोण रे ही?"

"टी-टीममधली. शर्वरी. अ-अमरावतीची आहे."

"आणि वस्ताद कोण?"

त्यानं छातीवर बोट ठेवलं आणि लाजला. एवढा सहा फुटांचा बाप्या, कानापर्यंत लाल झाला.

मग मी बसून घेतलं आणि त्याच्याकडनं सगळं काढलं. पाचजणांचा खेळ. पाच जण पाच गावांत आपापल्या घरी बसायचे, आणि पडद्यावर मात्र एकाच पडक्या गावात बंदुका घेऊन हिंडायचे. समोरही पाच. कुणी कुठं जायचं, कधी थांबायचं, हे एकानं सांगायचं. आठ महिने ते दिगू सांगत होता. त्याच्या जिवावर हे लोक सगळ्या महाराष्ट्रातनं शेवटच्या दोघांत आले होते.

"म्हणजे तू मुकादम."

"क-कॅप्टन."

"तेच ते. आणि ते तुझ्याकडनं काढून घेणार? नेटपायी?"

"आई, त-तसं नाही. नेट ख-ख-"

"खराब आहे. ऐकलं मी. बहिरी नाही अजून."

"न-नाही, ऐक ना. नेट ख-खराब आहे म्हणून त-त-"

"म्हणून त्यांना तुझं ऐकू जात नाही. कळलं रे बाबा. बघते मी. तू जेव, भाकरी गार झाली."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं भाकरी मोडली.

त्याच संध्याकाळी मी बाबालाल मुल्लाला बोलावलं. बाबालाल आमच्या भागाचा केबलवाला, केस पांढरे झालेला माणूस. ह्यांच्या वेळेपासनं घरात येणं-जाणं. त्यानं खोल्या बघितल्या, माळा बघितला, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आक्का, डबा कुठाय?"

"कसला?"

"नेटचा डबा. मी बसवला होता तो. दोन शिंगं असलेला."

"कपाटात आहे."

"कपाटात?"

मी गोदरेजचं कपाट उघडून दाखवलं. खालच्या कप्प्यात, माझ्या जरीच्या साड्यांच्या शेजारी, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, वर नाडी बांधून ठेवला होता. वायर जायला मागच्या बाजूला भोक पाडून घेतलं होतं. आमच्याकडं मागाची लव उडते. कापसाची ती बारीक लव टीव्हीत जाते, मिक्सरमध्ये जाते, पंख्यावर बोटभर चढते. मशिनरी जपायची तर झाकायची, एवढंच मला ठाऊक.

बाबालाल खुळ्यागत हसायला लागला. हसता हसता भुईवर बसला.

"आक्का, ते हवेतनं जायचं असतंय. तुम्ही त्याला फडकं बांधून लोखंडात कोंडलंय, आणि पोरगा म्हणतोय नेट अडकतंय! एवढं आलं हेच नशीब म्हणायचं."

"दात काढून झाले असतील तर काम सांग."

त्यानं सांगितलं. जुनी तार बदलायची, काचेची नवी तार खांबापासनं घरात घ्यायची. डबा दिगूच्या खोलीत उघडा ठेवायचा. डब्यापासनं कॉम्प्युटरपर्यंत सरळ वायर ओढायची, हवेवर विसंबायचंच नाही. आणि माग सुरू होताना लाईट खाली-वर होते, म्हणून डब्याला वेगळी बॅटरी.

"मग तिकडं ह्याचा आवाज नीट जाईल?"

"समोर बसल्यागत जाईल. शिंकला तरी कळंल."

दिगू दारात उभा होता. केव्हापासनं होता कोण जाणे.

"र-राहू दे, बाबालालकाका," तो म्हणाला. "आ-आहे ते बरं आहे."

"काय बरं आहे?" मी म्हटलं. "त्या पुणेवाल्यानं तुला खाली बसवल्यावर बरं वाटणार आहे का?"

"आई, म-मला असंच—"

"असंच भिडेखातर गप्प बसायची सवय आहे तुला, बापावर गेलायस. बाबालाल, उद्या सकाळी माणसं घेऊन ये."

शुक्रवारी तार आली. आमच्या गल्लीच्या खांबावरनं ती माझ्या जावेच्या गच्चीवरनं आणायची होती, आणि जाऊ म्हणायला लागली की गच्चीला भोक पडतं. भोक तिच्या डोक्यात आधीपासनं होतं, मी तिला तसं सांगितलं. तार आली. शनिवारी दुपारी भिंतीतनं वायर ओढून झाली. बाबालालनं दिगूच्या कॉम्प्युटरवर काहीतरी चालू करून मला बोलावलं.

"हे बघा आक्का. ह्या काड्या. खेळात प्रत्येकाच्या नावापुढं दिसतात, सगळ्यांना दिसतात. नेट खराब असलं की लाल, एकच. बरं असलं की पिवळ्या. ह्या बघा आता आपल्या."

'वस्ताद' असं नाव होतं आणि पुढं चार हिरव्या काड्या. अख्ख्या यादीत दुसऱ्या कुणाच्याच चार नव्हत्या.

"म्हणजे आता कुणी म्हणू शकणार नाही, ह्याचं नेट खराब आहे?"

"म्हणंल कसं? डोळ्याला दिसतंय की."

मी दिगूकडं बघितलं. तो त्या काड्यांकडं बघत होता. त्याचं तोंड उतरलं होतं. मला वाटलं, पोराला भरून आलंय. आई आपल्यासाठी एवढं करते म्हटल्यावर कुणाला येणार नाही? मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा टाकायला गेले.

रविवारी सकाळी मी डब्याला हळद-कुंकू लावलं. खंडेनवमीला मागाला लावतो तसं. आणि मग मी एक गोष्ट केली, जी ह्यांच्या तेराव्यानंतर आमच्या कारखान्यात चालू पाळीत कधी झाली नव्हती. पावणेअकराला खाली जाऊन कामगारांना सांगितलं, माग बंद करा. सगळे. माझा पोरगा बोलणार आहे, तिकडं खडखडाट जाता कामा नये.

एक एक करत सहा माग थांबले. आमच्या घरात एवढं शांत कधीच नसतं. वरच्या घड्याळाची टिकटिक मला पहिल्यांदाच ऐकू आली.

वर गेले तर दिगू खुर्चीत बसला होता. कानातला फोड उतरला नव्हता, यंत्र गळ्यातच. माझ्याकडं वळून म्हणाला, "म-माग का बंद केले?"

"तुझ्यासाठी. आता कसं, देवळागत शांत."

त्यानं डोळे मिटले. मी मागं खाटेवर बसले. आत बसायची ती माझी पहिलीच वेळ, पण आज मी हक्कानं बसले होते.

"वस्ताद!" शर्वरीचा आवाज आला, आणि खरंच बाबालाल म्हणाला तसा, समोर बसल्यागत. "अरे वा, हिरव्या काड्या! चार!"

"मस्तच," तो ओजस म्हणाला. "आज एकसुद्धा शब्द चुकायचा नाही. बोल कॅप्टन, कसं जायचं?"

दिगूनं तोंड उघडलं. काही आलं नाही.

"वस्ताद?"

"द-" दिगू म्हणाला. "द-द-द-"

मी त्याची मान पाठीमागनं बघत होते. शिरा वर आल्या होत्या. तीन दिवसांपूर्वी हाच पोरगा अडखळत का होईना, भराभर बोलत होता, अडखळायची त्याला फिकीरच नव्हती. आता तसं नव्हतं. आता तो कुरुंदवाडच्या आत्यासमोर बसल्यागत बसला होता.

"गेलं का पुन्हा नेट?" कुणीतरी तिसरा म्हणाला.

"नाही, काड्या तर फुल आहेत," ओजस म्हणाला. "वस्ताद, खेळ सुरू झालाय. पटकन सांग, ते आले बघ. कुठून जाऊ?"

"द-द-द-दक्-दक्-"

इकडं माग बंद. घरात त्याच्या घशातला तो अडकलेला आवाज, आणि घड्याळ.

मग तो तिसरा फस्सकन हसला. "अबे, नेट नाही! हा स्वतःच अडकतो!"

"हसू नको," शर्वरी म्हणाली. "कोणी बोलू नका. वस्ताद, आम्ही थांबलो आहोत. सावकाश—"

पण मी उठले होते. तिचे शब्द माझ्या कानावर पडले, मी नाही म्हणत नाही. पण तोवर माझी जीभ सुटली होती. मी दिगूच्या खांद्यावरनं वाकले आणि त्या गळ्यातल्या यंत्रावर ओरडले, "दक्षिणेकडनं म्हणतोय तो, दक्षिणेकडनं! कळत नाही का मुडद्यांनो? जन्मापासनं तोतरा आहे माझा पोरगा, पण तुमच्यापेक्षा शहाणा आहे! त्याच्या जिवावर इथवर आलात आणि त्यालाच हसता? तोतरा आहे, खुळा नाही!"

सगळं स्वच्छ गेलं तिकडं. एक शब्द अडकला नाही.

दिगू वळला नाही. त्यानं हात खाली नेला आणि ती नवी वायर, बाबालालनं कालच लावलेली, खटकन उपसली. पडद्यावरची ती पाच माणसं उभी होती तिथं थिजली.

"बघितलंस?" मी म्हटलं. अजून अंगात होतं माझ्या. "चांगलं खडसावलं की नाही? आता हसायची हिंमत—"

"आई."

एवढ्या शांतपणे म्हणाला की मी थांबले.

"आई, न-नेट ख-ख-खराब होतं—"

मी तोंड उघडलं. पण ह्या वाक्याचा शेवट मला खरंच सुचला नाही. म्हणून मी गप्प राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं अख्खं बोलणं ऐकलं. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. एका शब्दावर तो एवढा वेळ अडकला की खालनं कामगार माग सुरू करू का म्हणून हाक मारून गेले.

"नेट खराब होतं," तो म्हणाला, "त-तोवर त्यांना वाटायचं, आवाज नेटमुळं त-तुटतोय. त्यांना म-माहीतच नव्हतं. कुणी ह-हसायचं नाही म्हणून मला भीती नव्हती. भीती नव्हती म्हणून मी ब-बोलायचो. आठ म-महिने मी ब-बोलत होतो, आई."

मग तो उठून खाली गेला, आणि थोड्या वेळानं माग सुरू झाले. ओळीतला पहिला त्यानंच सुरू केला असणार, त्याच्या हातनं सुरू झालेला माग वेगळा वाजतो.

त्या दिवशी ते जिंकले की हरले ते त्यानं बघितलं नाही, आणि मला विचारायचं तोंड नव्हतं. कॉम्प्युटर त्यानं आठवड्यात विकून टाकला. माझ्या मावसदिराची भिवंडीत सुताच्या गोदामात वट आहे. त्यांना दिगूनं माझ्या फोनवरनं स्वतः फोन केला. त्यांच्या गोदामात माल चढवायचा, उतरवायचा, चिठ्ठी लावायची. बोलायचं काम नाही. मी म्हटलं, घरचे सहा माग सोडून दुसऱ्याची पोती उचलायला जाणार? तो काही बोलला नाही. मीही त्याच्या वतीनं काही बोलले नाही. बोलायला जागाच उरली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. मी स्वयंपाकघरात त्याच्या डब्याला शेंगदाण्याची चटणी कुटत होते.

"काकू, मी शर्वरी. अमरावतीहून. वस्ताद आहे का घरी?"

टीमचे टी-शर्ट कुरियरनं येणार होते, त्यासाठी दिगूनं तिला घरचा पत्ता आणि माझा नंबर दिला होता. त्याचा स्वतःचा फोन त्यानं तीन आठवडे बंद ठेवला होता.

दिगू खाली होता. दोन नंबरच्या मागाखाली आडवा पडून तेल घालत होता. जिन्यातनं हाक मारली असती तर दहा पावलांत आला असता.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"त्याला सांगायचं होतं, आम्ही दुसरा कॅप्टन केलाच नाही. तो हसला होता ना, त्याला आम्ही काढून टाकलं. ओजसनं काढलं. आता नवीन स्पर्धा आहे पुढच्या महिन्यात. वस्ताद येईल तेव्हाच नाव टाकू म्हणते ओजस."

"त्याला तोतरा म्हणून दया दाखवायची गरज नाही तुम्ही."

"दया नाही काकू." ती म्हणाली. "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. नेट खराब असलं की खेळाडू पण अडकते, जागच्या जागी उभा राहते. त्याचा खेळाडू छान धावत राहायचा, फक्त आवाज अडकायचा. मग मीच सगळ्यांना म्हणत होते, याचं नेट खराब आहे म्हणून. कोणी आणखी काही विचारू नये म्हणून. त्याला वाटायचं, त्यानंच लपवलं. वाटू दिलं मी."

मुसळ माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "काड्या हिरव्या दिसल्या तेव्हाच मला धस्स झालं. तरी आम्ही थांबलो असतो काकू. तो बोलला असता. चौदा सेकंद लागले असते, नाहीतर वीस. एवढ्यानं काय होते? मेलो असतो खेळात, पुन्हा खेळलो असतो. तुम्ही मधे बोलल्या नसत्या ना—"

"काय म्हणालीस?"

"रागावू नका. पण आठ महिने मी ऐकत आहे. त्याचं दार उघडलं की तुमचा आवाज येते आणि त्याचं वाक्य तिथंच संपते. म्हणून म्हणते, निरोप तुम्ही नका देऊ. तुम्ही सांगितलं की ते तुमचं होऊन जाते. त्यालाच द्या ना फोन. दोनच मिनिटं."

ह्या गावात माझ्याशी असं कुणी बोललेलं नाही. सासू बोलली नाही, दीर बोलले नाहीत, युनियनवाले कारखान्याच्या दारात झेंडे घेऊन आले होते ते बोलले नाहीत. ही कोण कुठली, कधी तोंड न बघितलेली, मला सांगत होती की माझ्या पोटच्या पोराशी कसं बोलायचं. आणि खरं बोलत होती. खोटं बोलली असती तर मी तिला चार शब्द सुनावून फोन त्याला दिला असता, एवढं मी स्वतःला ओळखते.

"तो घरी नाही," मी म्हणाले.

"कधी येईल?"

"माहीत नाही."

तिला खालचे माग ऐकू जात असणार. मग हळू म्हणाली, "बरं. मग तुम्हीच सांगा काकू. पण सगळं सांगा. मला आधीपासून माहीत होतं, हे सांगा. आणि जागा रिकामी आहे म्हणा. तो येईपर्यंत रिकामी आहे."

"सांगते," मी म्हणाले.

खाली गेले. खरंच, जिना उतरेपर्यंत मी सांगणारच होते. दिगू मागाखालनं बाहेर आला, हाताला तेल, कपाळाला तेल, केसात पांढरी लव. माझ्या हातातला फोन बघून त्यानं शेजारचा माग थांबवला आणि विचारलं, "क-कुणाचा फोन?"

"बाबालालचा," मी म्हणाले. "ती नेटची लाईन ठेवायची का काढायची, विचारत होता."

त्यानं फडक्याला हात पुसले. एक एक बोट पुसलं.

"क-काढ म्हणावं," तो म्हणाला.

तो निरोप मी त्याच संध्याकाळी पोचवला. दुसरा, सहा वर्षं झाली, माझ्यापाशीच आहे.